दोन संगणक, एक तार

घरात नवा संगणक आला की सगळे त्याच्याभोवती जमतात. खरा ठेवा मात्र कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रात असतो: मुलांच्या बारशापासूनचे फोटो, ताईच्या लग्नाची चित्रफीत, आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, दुकानाचे हिशेब. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबवली आणि पुष्कळ घरांत हा प्रश्न उभा राहिला. दोनशे जीबीचा हा ठेवा नव्या यंत्रात न्यायचा कसा?

पेन ड्राइव्ह सर्वांच्या ओळखीचा. पण ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हला चार खेपा कराव्या लागतील आणि प्रत्येक फाइल दोनदा उतरवावी लागेल. शिवाय तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेतच नाही. नेमकी लग्नाची चित्रफीत अडते! इंटरनेटवरून पाठवायचे, तर ४० एमबीपीएस वेगाने नुसते वर चढवायलाच अकरा तासांहून अधिक वेळ लागतो, मग पुन्हा खाली उतरवायचे. दुकानदाराकडे यंत्र सोपवावे, तर घरचे फोटो आणि बँकेची कागदपत्रे परक्याच्या हाती जातात.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही संगणक एका तारेने थेट जोडणे.

ही युक्ती नवी नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या काळात लॅपलिंक नावाचा प्रोग्राम आणि त्याची केबल याच कामासाठी वापरत. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक ही सोय होती आणि विंडोज ९५ मध्ये ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’. तार बदलली, तत्त्व तेच राहिले.

केबल कोणती घ्यावी?

इंटरनेटच्या राउटरला लावतात तीच लॅन केबल. ‘कॅट-५ई’ किंवा ‘कॅट-६’ लिहिलेली घ्या. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला आतल्या तारांची अदलाबदल केलेली ‘क्रॉसओव्हर’ केबल लागे. आताची यंत्रे ही अदलाबदल स्वतःच करतात, त्यामुळे साधी केबल चालते.

दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल, तर सेकंदाला सुमारे ११० एमबी जाऊ शकतात. म्हणजे दोनशे जीबीला अर्धा तास. जुनी हार्ड डिस्क आणि हजारो लहान फाइली असतील, तर वेळ अधिक धरावा. एखादे यंत्र फक्त १०० एमबीपीएसचे असेल, तर हेच काम पाच तासांवर जाते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, त्यामुळे एखादी तुटली तरी वेग एकदम घसरतो. वेग फार कमी दिसला, तर आधी केबल बदलून पाहा.

नव्या लॅपटॉपला लॅनचे भोक नसेल, तर यूएसबीला लावायचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो यूएसबी ३ चा आणि गिगाबिटचा आहे ना, हे विचारून घ्या.

एक धोका टाळा. दोन्ही टोकांना साधी चपटी यूएसबी पिन असलेली केबल दोन संगणकांमध्ये लावू नका. दोन्ही यंत्रे एकमेकांकडे ५ व्होल्टची वीज सोडतात, पोर्ट बिघडू शकतो आणि फाइली तर जातच नाहीत. यूएसबीनेच जोडायचे असेल, तर मध्ये चिप बसवलेली ‘ट्रान्सफर केबल’ मागा.

जोडणी अशी करा

१. दोन्ही संगणक विजेवर ठेवा, स्लीप बंद करा आणि वाय-फायही बंद करा. मग केबल लावा.

२. दोन्हीकडे लॅनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता स्वतः द्या. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२ आणि सबनेट मास्क दोन्हींना २५५.२५५.२५५.०. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करावेत. गेटवेची जागा रिकामी सोडा.

३. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये फाइल शेअरिंग सुरू करा. अशा जोडणीला विंडोज बहुधा ‘पब्लिक’ समजते, म्हणून त्या विभागातही ते सुरू करावे लागते. काम झाल्यावर आठवणीने बंद करा.

४. जुन्या संगणकावर हव्या त्या फोल्डरवर उजवे बटण दाबा आणि ‘प्रॉपर्टीज’मधून ‘शेअरिंग’ निवडा.

५. नव्या संगणकावर विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा व त्यापुढे जुन्याचा पत्ता लिहा: \\१९२.१६८.५०.१. फोल्डर समोर दिसेल.

पुष्कळजण पाचव्या पायरीवर अडतात. इथे जुन्या संगणकाच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड विचारला जातो. रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. खात्याला पासवर्डच नसेल, तर आधी तो ठेवा.

तुमची दोन्ही यंत्रे अ‍ॅपलची असतील, तर थंडरबोल्ट केबलने जोडून मायग्रेशन असिस्टंट चालवा. बरेचसे काम तो प्रोग्रामच उरकतो.

‘कट’ नव्हे, ‘कॉपी’

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. फाइली नेताना ‘कट’ कधीही करू नका. मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली, तर काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागत नाही. ‘कॉपी’ केलीत, तर मूळ फाइली जागच्या जागी राहतात.

काम संपल्यावर दोन्हीकडे त्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा जुळायला हवा. नंतर चार-सहा फोटो आणि लांबलचक चित्रफितीचा शेवटचा भाग प्रत्यक्ष उघडून पाहा. ई-मेल, ब्राउझरमधील पासवर्ड आणि हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा अनेकदा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, तोही आठवून घ्या.

जुने यंत्र विकण्याची किंवा पुसण्याची घाई नको. महिनाभर नव्यावर काम करा, काही राहिले असेल तर तेवढ्यात लक्षात येईल. दरम्यान एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरही उतरवून कपाटात ठेवा. नवा संगणकही कधीतरी बिघडणारच, आणि आजोबांचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.