वकिलाती उघडल्या, पुढं?

दोस्तहो, 2023 साली आपल्या बैठकीत सौदी-इराण समेटाच्या अभिनंदनाचा ठराव आला, तेव्हा विरोधात हात वर करणारा मी एकटाच. काहीजण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तर ऐका.

10 मार्च 2023ला बीजिंगमध्ये समेट झाला. मधे चीनचे वांग यी, एका बाजूला सौदीचे मुसाद अल-ऐबान, दुसऱ्या बाजूला इराणचे अली शमखानी. आखाताच्या दोन काठांवरचे शेजारी. 2016च्या जानेवारीत सौदीनं शेख निम्र अल-निम्र या शिया धर्मगुरूला देहदंड दिला, तेहरानात सौदी वकिलातीला आग लावली गेली, संबंध तुटले. ते जुळले. अमेरिकेला बाजूला ठेवून जुळले, म्हणून आपले डावे मित्र खूष. जुळले ते बरंच झालं, मी कुठं नाही म्हणतो?

पण या दोघांचं वैर येमेनच्या अंगावर खेळलं गेलं. 2015च्या मार्चपासून वरून सौदीचे बॉम्ब, खाली हूथींच्या पाठीशी इराण. 2021 अखेरपर्यंत 3 लाख 77 हजार माणसं मेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज. त्यातली निम्म्याहून जास्त बॉम्बनं नाही, भुकेनं, रोगराईनं.

आणि त्या येमेनात मुहम्मशीन राहतात. म्हणजे कडेला ढकललेले. लोक त्यांना 'अखदाम' म्हणतात, म्हणजे नोकर. काळी कातडी. सनाचे रस्ते झाडणार हेच, शहराच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत सडणार हेच. यांच्याशी सोयरीक नाही. कुत्र्यानं ताट चाटलं तर धू, यांनी शिवलं तर फोड, अशी तिकडची म्हण. माझा बाप म्युनिसिपालटीत झाडू मारायचा. मला नकाशा उघडायची गरज पडली नाही.

लढाईत घरदार सोडून पळाले, तर निर्वासितांतही हे बाटगेच. कित्येक उघड्या रानात पडले. मग हूथींना लढायला माणसं कमी पडली, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्याला एकदम प्रेमाचं भरतं आलं. म्हणे, तुम्ही 'बिलालचे वंशज'. बिलाल, गुलामीतून सुटलेला पैगंबरांचा काळा सोबती. वा रे वा! आपल्याला नाही का 'हरिजन' म्हणाले? नाव गोड द्यायचं, हातात बंदूक द्यायची. झाडू तसाच.

6 जून 2023ला रियाधमधली इराणची वकिलात पुन्हा उघडली. एप्रिलमध्ये सौदीचे लोक सनाला जाऊन हूथींशी बोलूनही आले. कुणी कुठली बंदरं, कुणी कुठले कैदी सोडायचे, सगळ्याची बोलणी. त्या शहराचे रस्ते झाडणाऱ्याला कोण विचारतो?

ठराव परत आणा. त्यात मुहम्मशीनांचं नाव घाला. पहिली सही माझी.