वैशाखातली सायकल आणि घामाचे गणित

वळीव पडून गेला की कोल्हापूरकराला दोन घटका बरे वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र उकाडा दुप्पट जाणवतो. जमीन ओली, वर ऊन कडक आणि अंगावरचा घाम सुकता सुकत नाही. अशा दिवसांत सायकल चालवावी की पाऊस लागेपर्यंत भिंतीला टेकवून ठेवावी? हा प्रश्न रंकाळ्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या हौशी मंडळींचा आहे, तसाच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सायकलवरून कामाला जाणाऱ्यांचाही आहे.

सायकल ठेवून द्या म्हणणाऱ्यांची भीती पोकळ नाही. पॅडल मारताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकाच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराचा मुख्य आधार घामाचा, आणि घाम गारवा देतो तो सुकताना. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच निथळून रस्त्यावर पडला तर पाणी आणि मीठ गेले, उष्णता अंगातच राहिली. दमट हवेत नेमके हेच होते.

म्हणून नुसता पाऱ्याचा आकडा फसवतो. मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांवर पोहोचल्याशिवाय हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले, तेव्हा आसपासचा पारा 40 च्या खालीच होता. ती माणसे तर नुसती बसलेली होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सपाट रस्त्यावर चालती सायकल स्वतःचा वारा तयार करते आणि घाम सुकवते. शिवाय उन्हाची सवय हळूहळू लावली, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते: घाम लवकर सुटतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर रात्रभर टिकणारी काहिली इथे पहाटेपर्यंत बरीच उतरते. पहाटे हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी दुपारपेक्षा जास्त असते हे खरे. पण गारवा असतो, ऊन नसते, म्हणून तीच वेळ सर्वांत सुरक्षित. इथल्या तालमींत पैलवानांची मेहनत पहाटे चालते, त्यामागे हेच शहाणपण आहे. आणि ज्याचा पगार पेट्रोलला पुरत नाही, त्याला सायकल ठेवून दे सांगणे म्हणजे सल्ला नव्हे, नवा खर्च आहे.

दोन्ही बाजू तोलल्या तर आमचे मत असे: सायकल बंद करू नये, वेळ, वाट आणि वेग मात्र बदलावेत. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ सपाटीपेक्षा वेगळा. तिथे कष्ट वाढतात, वेग उतरतो, वारा नाहीसा होतो. असा चढ ऊन तापण्याआधी संपवावा, नाहीतर त्या दिवशी सोडून द्यावा. संध्याकाळ सोयीची वाटते, पण तेव्हा डांबर तापलेले असते आणि वळवाबरोबर विजा येतात. नुसते पाणी ढोसल्याने गेलेले मीठ भरून येत नाही. अतिरेक झाला तर रक्तातले सोडियम घसरते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत बरोबर असावे. उकाड्यातही अंगावर काटा आला, डोके गरगरले, तर तिथेच उतरावे. सोबती असंबद्ध बोलू लागला तर तातडीने सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी; ती येईपर्यंत गार करणे थांबवू नये.

मात्र सगळा भार सायकलस्वाराच्या शहाणपणावर टाकणे न्यायाचे नाही. हौशी माणूस पहाट निवडू शकतो. दुपारी पाळी संपवून निघालेला कामगार निवडू शकत नाही. कारखान्यांनी उन्हाळ्यापुरत्या पाळ्यांच्या वेळा सरकवाव्यात, फाटकाशी पिण्याचे पाणी ठेवावे. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांच्या आयोजकांनी उकाडा वाढला तर फेरी रद्द करण्याचा नियम आधीच जाहीर करावा. महापालिकेने आणि रस्ते बांधणाऱ्यांनी रुंदीकरण आखतानाच सावलीची झाडे धरावीत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत भर उन्हात डोंगर चढणाऱ्या भाविकांना पाणी आणि सरबत देणारे हात या जिल्ह्यात कधी कमी पडले नाहीत. तीच व्यवस्था एमआयडीसीच्या रस्त्यांवर मार्च ते मे कायम ठेवणे या शहराला अवघड नाही. ती येत्या उन्हाळ्याआधी उभी राहिली पाहिजे.