घाट उतरताना

सह्याद्रीतील घाट आणि व्यापार यांचे नाते फार जुने आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटाने जुन्नरला जाई आणि तेथून पुढे पैठणकडे रवाना होई. सुमारे 2000 वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, ही वाट वर्दळीची होती. आज मोटारी शेजारच्या माळशेज घाटाने जातात. पूर्वी तांड्याचा वेग बैलाच्या पावलाने ठरत असे. आता तो गाडी चालवणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो.

कल्याणच्या एका कापड व्यापाऱ्याचे कुटुंब पर्युषणानंतर याच मार्गाने निघाले. आजींची धाकटी बहीण ओतूरला असते. फोनवरून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाले होते. तरी यंदा समोर बसून क्षमापना करावी, अशी आजींची इच्छा होती. नवकारशी आटोपून आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे गाडीत बसली. बरोबर खाकरे, थेपले आणि उकळलेले पाणी होते. परतताना मुरबाडला नातेवाइकांकडे सहाच्या आत जेवण करायचे, म्हणजे आजींचा चौविहार सांभाळला जाईल, असे ठरले होते.

मुरबाड, टोकावडे मागे पडले आणि समोर कड्यांची भिंत उभी राहिली. माळशेजची उंची सुमारे 700 मीटर. भाद्रपदातले धबधबे अजून आटले नव्हते आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले पसरली होती. नातवाने माकडांपुढे वेफर्सची पिशवी उघडताच आजींनी त्याचा हात धरला. “त्यांना खाऊची सवय लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. ही दया नव्हे,” असे त्या म्हणाल्या. अनर्थदंड म्हणजे काय, हे त्या मुलाला बहुधा तेव्हाच कळले.

ओतूरला दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बराच वेळ बसल्या. जेवणानंतर मुलांच्या आग्रहाखातर गाडी जुन्नरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गेली. जकातीचा रांजण म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण मुलांनी पाहिला. खिंडीतून उतरून ती लेण्यातही गेली. तेथील भिंतीवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत. आपल्या देशातील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. वह्यापूजन करणाऱ्या घरातली मुले ते आकडे पाहण्यात रमली आणि वेळेचे भान कोणालाच उरले नाही.

माळशेजच्या माथ्यावर गाडी पोहोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होणार होता आणि मुरबाड अजून दूर होते. आईचा नियम मोडू नये म्हणून मुलाने वेग वाढवला. उतारावर गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून तो वळणापुरता ब्रेक दाबत होता आणि वळण संपताच पुन्हा वेग घेत होता. धुके दाटून आले होते. एका आंधळ्या वळणावर त्याने मालाने भरलेल्या ट्रकला ओलांडले, तोच समोरून येणारी बस अगदी हाताच्या अंतरावरून गेली. सुनेने डोळे मिटले. थोड्याच वेळात काहीतरी जळल्याचा वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले.

“बाळा, गाडी बाजूला घे,” आजी म्हणाल्या.

“आई, आत्ता थांबलो तर तुमचं जेवण राहील.”

“राहू दे. नियम माझा आहे. त्याच्यासाठी या मुलांचा आणि समोरून येणाऱ्यांचा जीव टांगणीला लावलास, तर तो नियम कसला?”

रस्ता रुंद होता तेथे गाडी थांबली. मागून आलेल्या एका टेम्पोचालकाने चाकांकडे नजर टाकली. “ब्रेक तापलेत शेठ. पाणी मारू नका, आपोआप निवू द्या. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनावर धरायची, ब्रेकवर नाही,” असे सांगून तो निघून गेला.

डब्यात दोन खाकरे उरले होते. आजींनी ते खाल्ले, बाटलीतले उकळलेले पाणी प्यायल्या आणि सूर्य मावळण्याआधी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. मग त्या सहज बोलाव्यात तसे म्हणाल्या, “आपला माल आळेफाट्याला याच घाटातून जातो ना? आणि ‘सातच्या आत पोचलास नाही तर भाडं कापीन,’ असं त्या पोराला फोनवर तूच दटावतोस ना?”

मुलाने उत्तर दिले नाही.

हिंसेची व्याख्या करताना तत्त्वार्थसूत्राने आरंभीच प्रमादाकडे बोट दाखवले आहे. असावध मन-वचन-कायेच्या योगाने होणारा प्राणांचा घात म्हणजे हिंसा. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. गृहस्थाला तितके पाळता येत नाही, हे खरे. परंतु त्याच्या पायाखाली आज दीड टनाची गाडी असते. धुक्यात जितका रस्ता दिसतो, तितक्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणे ही त्याची ईर्यासमिती होय. घाटात वळणावर पुढच्या वाहनाला न ओलांडणे, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे, धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवणे आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये न सोडणे, हे नियम त्याच भावनेचे आहेत. व्रत सांभाळायचे असेल तर त्याची सोय सकाळी निघतानाच करावी; संध्याकाळी वेग वाढवून ती करता येत नाही.

आणि आपली घाई अनेकदा आपण दुसऱ्याच्या हाताने करवून घेतो. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींनी कर्मबंध होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. गादीवर बसून टेम्पोचालकाला दटावणारा फोन यांपैकी कशात मोडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ब्रेक पुरते निवल्यावर, पेडल नीट लागते याची खात्री करून, ते कुटुंब दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश घाट उतरले. मुरबाडला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मुलाने टेम्पोचालकाला बोलावले. यापुढे घाटापलीकडचा माल दुपारऐवजी सकाळी भरला जाईल आणि उशीर झाला तरी भाडे कापले जाणार नाही, असे त्याला सांगितले. आळेफाट्याच्या दुकानदारालाही फोन करून सातची अट काढून टाकली.

त्या दुकानदाराने कारण विचारले. “घाट आहे,” एवढेच उत्तर त्याला मिळाले.