उद्यापन नसलेल्या मालिका

दीर्घकाळ चालत आलेली एखादी दूरचित्रवाणी मालिका निरोप घेते, तेव्हा मध्यमवर्गीय घरांत दोन-चार दिवस चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहते. देवापुढचा दिवा, कुकरची शिट्टी आणि मालिकेचे शीर्षकगीत या क्रमाने ज्या घराची संध्याकाळ सरत असे, तेथे ठरलेली वेळ येते आणि काय करावे ते कोणालाच सुचत नाही. ही हुरहुर हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. ज्यांची मुले शिक्षणासाठी आधी पुण्याला आणि मग नोकरीसाठी परदेशी गेली, अशा कित्येक वृद्ध दांपत्यांच्या घरी रोज न चुकता येणारी माणसे मालिकेतीलच होती. त्यांचे येणे थांबले की वाईट वाटणारच.

हा सहवास काही थोडाथोडका नव्हता. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' ही मालिका जानेवारी २०१३ मध्ये थांबली. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या आशालता देशमुख तोवर तीन हजारांहून अधिक वेळा घरोघरी येऊन गेल्या होत्या. अर्ध्या तासाचा एक भाग धरला, तर हे पंधराशे तास, म्हणजे अहोरात्र मोजल्यास दोन महिने होतात. हिंदीत ३ जुलै २००० रोजी सुरू झालेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ६ नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली. तिच्यातील मिहीरचा मृत्यू दाखविल्यावर प्रेक्षक एवढे व्यथित झाले, की निर्मात्यांना त्याला परत आणावे लागले. आयुष्यातील एवढा काळ ज्यांच्या सहवासात गेला, त्यांचा निरोप साधेपणाने, सन्मानाने व्हावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात बहुतेक मालिका संपत नाहीत, त्या थांबविल्या जातात. दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे घसरू लागले, की प्रथम कथेत काही वर्षांची उडी मारली जाते. मग रात्री आठची वेळ काढून घेऊन मालिकेला दुपारी किंवा रात्री अकराला ढकलले जाते. आणि शेवटी दहा-पंधरा वर्षे गुंतवलेल्या गाठी एका आठवड्यात सोडविल्या जातात. कारस्थाने करणारी जाऊ तीन दिवसांत पश्चात्ताप पावते, हरवलेले मूल सापडते आणि सगळे कुटुंब हात जोडून उभे राहते. तोवर त्याच वेळेच्या नव्या मालिकेच्या जाहिराती सुरू झालेल्या असतात. घरात सुतक असताना दारात सनई वाजावी, तसा हा प्रकार असतो.

आपल्या परंपरेला निरोपाचे शास्त्र चांगले ठाऊक आहे. सोळा सोमवारांचे व्रत घेतले की त्याचे उद्यापन होते. नामसप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. गणपतीची प्रतिष्ठापना करतानाच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो, म्हणूनच त्या दिवसांतील आरतीला वेगळी गोडी असते. ज्या मालिकांनी हे भान राखले, त्या अजून स्मरणात आहेत. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेले रामानंद सागर यांचे 'रामायण' लोकाग्रहास्तव लांबले, तरी ७८ भागांत, ३१ जुलै १९८८ रोजी पूर्ण झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे बंद पडली आणि दैनंदिन मालिका जागच्या जागी थबकल्या, तेव्हा हेच 'रामायण' बत्तीस वर्षांनी जसेच्या तसे परत आले आणि नातवंडांनी ते आजी-आजोबांच्या शेजारी बसून पाहिले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये एका छताखाली नांदणाऱ्या तीन पिढ्या होत्या, विषप्रयोग आणि मृत्युपत्रे नव्हती. २००५ मध्ये संपूनही ती मालिका आजही आपलेपणाने आठवली जाते. २०१७ ते २०२० या काळातील 'स्वराज्यरक्षक संभाजी' पाहणाऱ्या प्रत्येकाला १६८९ चे बलिदान पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही घरे ती पाहत राहिली. शेवट माहीत असल्याने कथेची गोडी कमी होत नाही, हे यावरून दिसते.

बाजाराच्या गणितात मात्र पूर्णत्वाला किंमत नाही. सतरा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये 'क्योंकि...' पुन्हा सुरू झाली आणि तुळशीच्या भूमिकेत स्मृती इराणी परतल्या. प्रेक्षकांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण एकदा निरोप दिलेल्या घरात पुन्हा नवे कलह निर्माण करावे लागतात, कारण कलहावाचून रोजचा भाग उभा राहत नाही. कुटुंब हा आपल्या समाजाचा पाया आहे असे आपण मानतो. त्याच कुटुंबाचे चित्र वर्षानुवर्षे केवळ संशय आणि सूड यांनी रंगविले जात असेल, तर त्याविषयी बोलण्याचे कर्तव्य पाहणाऱ्यांचेही आहे.

संपर्कासाठी घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एक अनुभव नवा नाही: मालिकेच्या वेळी दार उघडते, पण घर उघडत नाही. त्यामुळे मालिका संपल्यावर रिकामा होणारा अर्धा तास ही एक संधीच आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे आणि मोकळेपणाने बोलावे, असा आग्रह कुटुंब प्रबोधनाच्या कामात धरला जातो. त्यासाठी वेळ कोठून आणायचा, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. नवी मालिका लगेच लावण्याची घाई न करता निदान आठवडाभर तो वेळ घरासाठी ठेवावा. आजीने आपल्या सासरच्या पहिल्या वर्षाची हकिकत सांगावी, नातवाने ती ऐकावी, परदेशातील मुलाला त्याच वेळी फोन लावावा. आवडत्या मालिकेचे उद्यापन वाहिनीने केले नाही, तरी घराने ते अशा रीतीने करावे.