बार्तालीचा उसना मुकुट

सायकलच्या शर्यतीनें राज्यक्रांति थांबली असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला, तर ऐकणाऱ्यानें निदान तारखा तरी विचाराव्या. इटलीच्या जिनो बार्तालीविषयीं हीच कथा आज पाऊणशें वर्षें मोठ्या भक्तिभावानें सांगितली जात आहे. ती सांगणारांत शहाणींसुरतीं माणसेंहि आहेत, म्हणून तिचा समाचार घेणें आम्हांस भाग पडतें.

कथा अशी. १४ जुलै १९४८ रोजीं रोममध्यें कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती यांच्यावर संसदभवनाबाहेर गोळ्या झाडण्यांत आल्या. देशभर संप पुकारला गेला, रस्त्यांत रक्त सांडलें. त्या दिवशीं ‘टूर द फ्रान्स’चे स्वार कान येथें विसावा घेत होते, आणि चौतीस वर्षें पुरीं होत आलेला बार्ताली फ्रान्सच्या लुइसों बोबेच्या एकवीस मिनिटें मागें होता. पंतप्रधान दे गास्पेरी यांनीं त्यास दूरध्वनि केला म्हणतात. दुसऱ्या दिवशीं बार्तालीनें आलोस, व्हार्स व इझोआर हे तीन प्रचंड घाट चढून ब्रियांसों गांठलें व बोबेची आघाडी जवळजवळ पुसून टाकली. १६ तारखेस पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली, आणि इटली शांत झाली!

पण संपहि संपला तो याच १६ तारखेस, कामगार महासंघाच्या निर्णयानें. पॅरिसमधील अंतिम विजय तर २५ जुलैचा. नऊ दिवसांनंतरच्या विजयानें आधींच विझलेली आग कशी विझविली, हें कथाकारांनीं आम्हांस समजावून द्यावें. जखमी तोल्यात्तींनींच आपल्या सहकाऱ्यांस डोकें शांत ठेवण्यास बजावलें होतें, आणि पक्षाच्या पुढाऱ्यांनाहि उठाव नकोच होता. हें सारें बाजूस सारून, खेळणें हातांत पडतांच रडें थांबविणाऱ्या मुलांच्या पंक्तीस संपकऱ्यांना बसवावयाचें, यांत त्या माणसांची केवढी अवहेलना आहे! लोकांनीं नभोवाणीला कान लावले असतील, आनंदानें टाळ्याहि पिटल्या असतील. तेवढें आम्ही खुशाल मान्य करतों.

शिवाय ह्या उसन्या मुकुटाची बार्तालीस गरज काय? १९३८ सालीं ही शर्यत जिंकून पुन्हा दहा वर्षांनीं ती जिंकणारा दुसरा वीर अजून झालेला नाहीं. मधलीं उमेदीचीं वर्षें महायुद्धानें खाल्लीं. इटलीची शर्यत त्यानें तीनदां जिंकली. पांच वर्षांनीं धाकट्या फाउस्तो कोप्पीशीं त्याची अशी चुरस लागली कीं अर्धा देश एकाचा व अर्धा दुसऱ्याचा झाला. ही लोकप्रियता घामानें मिळविलेली आहे. तिच्यांत राजकारणाची भेसळ कशाला?

तो २००० सालीं वारला. युद्धकाळांत ज्यूंच्या बचावास साहाय्य केल्याबद्दल याद वाशेम या संस्थेनें त्याचा गौरव केला तो २०१३ सालीं. हयातींत त्यानें त्याविषयीं फारसें तोंड उघडलें नव्हतें. दे गास्पेरींच्या दूरध्वनीची गोष्ट मात्र तोंवर सर्वांना पाठ झालेली होती.