सहायकाचे चरित्र

मराठी चरित्रवाङ्मयाला एक जुनी सवय आहे. कोणतेही आयुष्य ते चढण म्हणून वाचते. नायक पायथ्याशी जन्मतो, हालअपेष्टा सोसतो, काही काळ कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करतो आणि अखेर शिखरावर पोहोचतो. हाताखालचा हा काळ बहुधा दोन-तीन पानांत उरकला जातो, कारण तो 'तयारीचा' मानलेला असतो. पण ज्याचे सारे कर्तेपण दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून काम करण्यातच खर्ची पडले, त्याचे काय? त्याचे चरित्र आपल्याकडे सहसा लिहिलेच जात नाही. तो दुसऱ्याच्या चरित्रात तळटिपेपुरता येतो. हा प्रश्न मला साहित्याने नव्हे, फुटबॉलने सुचवला. त्याचे उत्तर मात्र शोधावे लागते ते डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीवर.

फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक हे रीतसर पद आहे. मुख्य प्रशिक्षक संघ निवडतो, पत्रकारांना सामोरा जातो आणि संघ हरू लागला की त्याची गच्छंती होते. सहायक सराव घेतो, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या चित्रफिती तासन्‌तास पाहतो, कॉर्नर आणि फ्री किकच्या वेळी कोण कुठे उभा राहील याची आखणी बसवतो. शिवाय संघातून वगळलेल्या खेळाडूपाशी जाऊन बोलतो. हे शेवटचे काम कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसावे. पण संघ टिकतो तो पुष्कळदा त्यावरच.

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भारताकडून खेळलेला हा मधल्या फळीतला खेळाडू पुढे एफसी गोवा संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२० च्या आरंभी मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले, तेव्हा साखळीतल्या उरलेल्या सामन्यांसाठी मिरांडा यांच्याकडे अंतरिम सूत्रे आली. गोव्याने साखळीत पहिले स्थान मिळवले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत स्थान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामात नवे मुख्य प्रशिक्षक आले. मिरांडा पुन्हा सहायक. २०२३ मध्ये ओडिशा एफसीत तोच प्रसंग. अंतरिम प्रशिक्षक म्हणून त्यांनी संघाला सुपर चषक मिळवून दिला. कोझिकोडच्या अंतिम सामन्यात बंगळुरू एफसीचा २-१ असा पराभव झाला. त्यानंतर ते कोलकात्याला मोहन बागानमध्ये गेले, तेही सहायक म्हणूनच.

चढणीच्या हिशेबाने वाचले तर ही वारंवार घसरण आहे. भारतीय प्रशिक्षकांवर क्लबांचा विश्वास नाही, ही तक्रारही तिच्यातून निघते आणि ती खोटी नाही. पण तेवढेच वाचले तर एक गोष्ट निसटते. मुख्य माणूस निघून गेल्यावर अवघ्या काही दिवसांत संघ सावरतो, तो कुणी नव्याने जादू केली म्हणून नव्हे. खेळाडूंना रोज ओळखणारा माणूस तिथे आधीपासूनच होता, म्हणून.

इंग्लंडमध्ये ब्रायन क्लॉ आणि त्यांचे सहायक पीटर टेलर यांची जोडी प्रसिद्ध आहे. डर्बी काउंटीला १९७२ मध्ये आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ मध्ये त्यांनी लीगचे विजेतेपद मिळवून दिले; १९७९ आणि १९८० असा दोनदा युरोपियन चषकही जिंकला. टेलर सोबत नसताना लीड्समध्ये क्लॉ टिकले ते ४४ दिवस. १९८० मध्ये टेलर यांनी पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या शीर्षकातही क्लॉ यांचे नाव आधी आणि स्वतःचे मागाहून आले. तरीही त्या पुस्तकाने क्लॉ दुखावले आणि दोघांत अंतर पडले. सहायकाने स्वतःच्या तोंडाने बोलणे, हीच जणू मर्यादाभंगाची गोष्ट ठरली.

आता डहाणूकडे येतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या आणि बालशिक्षणात नावाजलेल्या होत्या. त्यांच्या मदतीला आलेल्या अनुताई वाघ पस्तीस वर्षांच्या होत्या. बालविवाह, पाठोपाठ आलेले वैधव्य आणि पुण्यातली शाळामास्तरकी एवढे आयुष्य त्यांच्या मागे होते. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच पाड्यावरच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना. मुले गुरे राखायला कुरणात जातात, तर शाळेनेही कुरणात जावे, ही कुरणशाळेची. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो, तो या परिसरातून गेलेला आहे.

कल्पना एका वाक्यात सांगता येते. ती रोज पार पाडायची म्हणजे पाड्यावर जायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, त्यांची बोली समजून घ्यायची आणि उद्या पुन्हा तेच करायचे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले; अनुताईंना पद्मश्री मिळाली ती १९८५ मध्ये. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि अनुताईंनी हे काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले. आपण त्यांना 'उत्तराधिकारी' म्हणतो ते या अखेरच्या एकोणीस वर्षांमुळे. माझे म्हणणे एवढेच, की त्याआधीची अठ्ठावीस वर्षे ही त्या पदाची पूर्वतयारी नव्हती. तीच त्यांची कारकीर्द होती. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून' असे आहे. त्यात कुणाचेच नाव नाही, फक्त उभे राहण्याची जागा आहे. टेलर यांच्या शीर्षकाशेजारी हे शीर्षक ठेवून पाहावे.

इथे एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे. सहायकपणाचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः जे स्वतः पहिल्या खुर्चीवर बसलेले असतात त्यांना. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या माणसाला 'तुझे काम निष्काम आहे' असे सांगणे ही निव्वळ लबाडी आहे. ज्या अंगणवाडीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या सेविका वर्षानुवर्षे वेतनासाठी मोर्चे काढत आल्या आहेत, आणि त्यांच्यानंतर ज्यांचा नंबर लागतो त्या मदतनीस तर आपल्या बोलण्यातही येत नाहीत. म्हणून सहायकपण आणि लादलेले दुय्यमपण यांत फरक करायला हवा. कामाचे श्रेय आणि कामाचा मोबदला, दोन्ही त्या माणसाच्या नावाने नोंदले जातात का, ही माझ्या मते त्याची साधी कसोटी आहे.

साहित्याच्या प्राध्यापकांना हे परके वाटू नये. २०१० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अधिव्याख्याता' हा शब्द मोडीत काढून आपल्याला 'सहायक प्राध्यापक' केले. आपण कुणाचेच सहायक नसतो. तो शब्द फक्त पायरी दाखवतो. आणि जे खरोखर सहायक असतात, तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावणारे किंवा क्रीडासंचालकांच्या सांगण्यावरून मैदानावर मुलांना शिकवणारे, त्यांच्यासाठी आपल्याकडे धड पदनामही नाही.

तलासरीच्या महाविद्यालयाला कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण शिकवतो, तेव्हा प्रश्न विचारतो ते गोदावरीबाईंविषयी. पाड्यापाड्यांतून सभांचे निरोप नेणाऱ्या वारली कार्यकर्त्यांविषयी एखादा प्रश्न काढून पाहावा. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने कोणतेही चरित्र हाती घेतले की त्यातला शेजारी उभा असलेला माणूस आधी शोधावा, आणि तो कुठल्या पानावर दिसेनासा होतो याची नोंद करावी. समीक्षेची ती चांगली सुरुवात ठरेल.