नत्राचा जमाखर्च

साठी उलटल्यावर स्नायूंचा ऱ्हास आवरावयाचा असेल तर नुसते फिरणे पुरे नव्हे, काही वजनही उचलले पाहिजे, असे वैद्यांचे मत पडल्यावरून गेल्या हिवाळ्यापासून मी अमेरिकेतल्या आमच्या अर्बाना गावातील व्यायामशाळेत जाऊ लागलो. आणि पहिल्याच आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. ते पाहून धाकट्या चिरंजीवांनी ममतेने एक मोठा डबा आणून दिला. "बाबा, व्यायाम झाला की हे पाण्यातून घेत जा, अंग आंबणार नाही," तो म्हणाला. डब्यावर तीन अमायनो आम्लांची नावे होती: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन.

या नावांचा आमच्या गावाशी जुना ऋणानुबंध आहे. येथील इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ हे रसायनशास्त्रज्ञ १९२२ साली आले आणि पुढील अनेक वर्षे त्यांनी एकाच प्रश्नाला वाहिली: प्रथिने ज्या अमायनो आम्लांची बनतात त्यांतील कोणती शरीर स्वतः घडवते आणि कोणती त्याला अन्नातूनच मिळावी लागतात? दुधातील केसीनऐवजी त्या काळी ज्ञात असलेल्या आम्लांचे मिश्रण दिले की उंदीर वाढत नसत. सबब प्रथिनात अद्याप अनामिक असे काही आहे, हे रोझ यांनी ताडले, आणि १९३५ साली थ्रिओनीन हे आम्ल हाती आले तेव्हा कुठे ते कोडे सुटले.

मग १९४०च्या दशकात त्यांचे विद्यार्थी स्वतः प्रयोगाला बसले. मक्याचे पिष्ट, साखर, तूप, मक्याचे तेल, क्षार, जीवनसत्त्वे आणि शुद्ध अमायनो आम्लांचे मिश्रण, एवढ्याच बेचव आहारावर ते तरुण दिवसेंदिवस राहत, आणि या आम्लांतून पोटात गेलेला नत्र व मलमूत्रावाटे गेलेला नत्र यांचा जमाखर्च काटेकोर मांडला जाई. एखादे आवश्यक आम्ल वगळले की हिशेब तुटीत येई, भूक मंदावे, थकवा येई, स्वभाव चिडका होई. ते आम्ल परत दिले की सारे पूर्ववत्. अशी आठ आम्ले निश्चित झाली; नववे, हिस्टिडीन, पुष्कळ नंतर त्यांच्या पंक्तीला आले. प्रत्येकाची किमान गरजही ठरली: ल्युसिन दिवसाला १.१ ग्रॅम, व्हॅलिन ०.८, आयसोल्युसिन ०.७, आणि ट्रिप्टोफॅन अवघे पाव ग्रॅम. परंतु ते पाव ग्रॅम नसेल तर बाकीची सारी शिबंदी निरुपयोगी! त्या विद्यार्थ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता त्या डब्याकडे पाहू. ल्युसिनमुळे स्नायूपेशींना प्रथिने घडवण्याचा हुकूम सुटतो, हे सत्य आहे. परंतु हुकूम सुटला तरी कोठीत नऊही जिन्नस हजर असावे लागतात, आणि उरलेले सहा बाहेरून आले नाहीत तर शरीर ते आपल्याच जुन्या स्नायूंची मोडतोड करून मिळवते. आर्कान्सामधील शास्त्रज्ञ रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ साली उपलब्ध पुराव्याची छाननी करून, नुसत्या या तीन आम्लांनी स्नायूंची घडण वाढते हा दावा टिकत नाही, असा निर्वाळा दिला. काही प्रयोगांत अंगदुखी थोडी कमी भासली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु दुखणे कमी होणे आणि स्नायू भरून येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या जुन्या आहारात हे सारे जिन्नस मिळत आले: तालमीतला खुराक दुधाबदामाचा, आणि घरातली भाजणी धान्य व डाळींची. तांदळात लायसीन उणे, डाळीत मेथिओनीन उणे. वरणभातात एकाची उणीव दुसरे भरून काढते. मात्र येथे आपल्या माणसांनी आत्मसंतुष्ट राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतील सामान्य प्रमाण वजनाच्या दर किलोस ०.८ ग्रॅम प्रथिन. नियमित व्यायाम करणाऱ्यास क्रीडापोषणाचे तज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सांगतात. म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाला किमान नव्वद ग्रॅम, आणि पातळ वरणाच्या वाटीत त्याचा अगदी अल्प अंश. वयस्कर स्नायूंना तर प्रत्येक जेवणात अधिक प्रथिन लागते, तेव्हाच ते जागे होतात. दही, दूध, पनीर, अंडी यांनी ही तूट भरत नसेल तर दुधाच्या निवळीपासून केलेली व्हे भुकटी घेण्यात मला काही गैर दिसत नाही, कारण तीत नऊही आम्ले असतात आणि ल्युसिन सुमारे दशांश.

कायद्याची बाजूही तरुणांनी समजून घ्यावी. या देशात १९९४च्या कायद्यानुसार अशा पूरक पदार्थांना विक्रीपूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही; सरकारचा हात बहुधा माल बाजारात आल्यानंतरच पोचतो. त्याच्या आधी पाचच वर्षे, १९८९ साली, झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनने येथे दीड हजारांहून अधिक माणसे आजारी पडली, कित्येक दगावली. आणि माग काढता काढता बहुतेक माल जपानमधील एकाच कारखान्यातला निघाला. ट्रिप्टोफॅन म्हणजे तेच पाव ग्रॅमचे आम्ल, ज्यावाचून रोझ यांच्या विद्यार्थ्यांचा हिशेब तुटीत जात असे.

म्हणूनच चिरंजीवांच्या डब्यावर तिऱ्हाईत प्रयोगशाळेच्या तपासणीचा शिक्का मी शोधला. तो नव्हता. रविवारी तो आला तेव्हा डबा त्याच्या हवाली करून मी ही सारी हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता, आणि आम्हा दोघांच्या पानांत थालीपिठे होती, शेजारी घट्ट दह्याच्या वाट्या.